दर सेकंदाला विचारपूस

गोव्यात पाऊस इंचात पडतो. हवामान खातं तो मिलिमीटरमध्ये मोजतं, मुलं शाळेत सेंटिमीटर शिकतात, पण जून लागला की कारापूरच्या तिस्कावर चहा पिणारा माणूस ‘किती इंच झाला?’ एवढंच विचारतो. वर्तमानपत्रंही मथळे इंचांतच देतात. शंभर इंच भरले की पावसाचं शतक झालं. ते २५४० मिलिमीटर होतात, पण मिलिमीटरचं शतक एखाद्या बऱ्या सकाळीच होऊन जातं, त्यात मजा नाही. यंदा शतक आधी वाळपईचं की साखळीचं, यावर ज्यांची शेती नाही, भात नाही, कुळागर नाही, अशी माणसंही हिरिरीने बोलतात.

या सगळ्या इंचांचा उगम मात्र फार शांत आहे. साखळीला हवामान खात्याचं पर्जन्यमापक आहे. सकाळी साडेआठला नोंद घ्यायची आणि मग दुसऱ्या दिवशी साडेआठपर्यंत त्याला काही विचारायचं नाही. मध्ये आभाळ फाटू दे, वाळवंटी नदी फुगून बाजाराच्या भिंतीला लागू दे. चोवीस तासांना आकडा एकच. हा संयम मला हल्ली फार थोर वाटतो. कारण माझ्या खोलीत एक वस्तू आहे, तिला मी दर सेकंदाला प्रश्न विचारतो आणि ती बिचारी दर सेकंदाला उत्तर देते.

ती वस्तू म्हणजे आर्डुइनो. तळहातात मावणारी निळी पाटी, मधोमध एक काळी चिप, कडेला वायरी खुपसायची भोकं. २००५ साली इटलीतल्या इव्रिया गावी, डिझाइन शिकणाऱ्या मुलांना परवडावी म्हणून ही निघाली. नाव ठेवलं ते गावातल्या एका बारचं, जिथे ती बनवणारी मंडळी बसायची. आणि बारचं नाव होतं १००२ साली इटलीचा राजा झालेल्या आर्दुइनचं. राजाचं राज्य फार टिकलं नाही. नाव मात्र बारमार्गे माझ्या टेबलावर आलं. बारमधून सुरू झालेल्या गोष्टीचं नवल करण्याइतके आम्ही गोवेकर कोते नाही.

पाटीचं काम साधं आहे. तिच्या एका पायावर शून्य ते पाच व्होल्टपर्यंत जे काही येईल त्याचा ती शून्य ते १०२३ यांमधला एक आकडा करते आणि यूएसबीच्या वायरीतून संगणकाकडे ढकलते. एका ओळीवर एक आकडा. पूर्वी हे आकडे खिडकीत नुसते वर सरकत जायचे आणि आपण ते वाचत बसायचं. २०१५ पासून आर्डुइनोच्या प्रोग्राममध्येच ‘सिरियल प्लॉटर’ नावाची आणखी एक खिडकी आली. ती तेच आकडे घेते आणि त्यांची रेघ काढते. डावीकडून उजवीकडे, थांबा न घेता. आकडे वाचायला कोणी येत नाही. रेघ चालू झाली की घरातली माणसं कामं टाकून मागे उभी राहतात.

दोन्हीकडचा वेग मात्र जुळावा लागतो. पाटी ९६०० च्या वेगाने बोलत असेल, म्हणजे सेकंदाला साधारण ९६० अक्षरं, तर संगणकानेही ९६०० नेच ऐकलं पाहिजे. नाहीतर पडद्यावर चौकोन आणि उलटी प्रश्नचिन्हं उमटतात. आणखी एक गंमत: तुम्ही आलेख पाहायला खिडकी उघडलीत की त्या क्षणी ही पाटी स्वतःला पुन्हा सुरू करते. तिचं घड्याळ शून्यावर येतं. तुम्ही बघत नव्हता तेव्हा काय चाललं होतं, हे तिला विचारण्यात अर्थ नाही; तिच्या लेखी जगाची सुरुवात तुम्ही खिडकी उघडलीत तेव्हाच झाली.

माझा पहिला आलेख कशाचाच नव्हता. एक वायर पाटीत खुपसली, दुसरं टोक हवेत सोडलं. कशालाही न जोडलेली वायर शून्य दाखवेल असं कुणालाही वाटेल. ती दाखवते लाटा. वेग वाढवून पाहिलं तर लाटा चांगल्या नेमाने येतात, सेकंदाला पन्नास. भिंतीतून, पंख्यातून, नळीच्या दिव्यातून विजेचा जो पन्नास आवर्तनांचा प्रवाह चाललेला असतो, त्याची चाहूल ती उघडी वायर टिपते. टोकाला बोट लावलं की लाटा आणखी उंच होतात, कारण मग आपलं अख्खं शरीरच एरियल होतं. एकदा पहिल्या गडगडाटाबरोबर गावातली वीज गेली, तेव्हा लॅपटॉप बॅटरीवर चालू होता. घरात ‘लायट गेली!’ असा जो ओरडा व्हायचा तो झाला, आणि पडद्यावर त्याच क्षणी लाटा बसल्या. वायर हवेत होती तशीच होती. भिंती मुक्या झाल्या होत्या.

एवढ्यावर समाधान मानलं असतं तर बरं होतं. पण रिकामी वायर किती दिवस पाहणार? मग टाकी आली.

आमची पाण्याची टाकी हजार लिटरची, न्हाणीघराच्या स्लॅबवर, माझ्या खिडकीला लागून. चिऱ्याच्या भिंतींतून वायफायचं काही चालत नाही, पण खिडकीतून वायर जाते. टाकीच्या झाकणात एक छोटा भोंगा बसवला. तो माणसाला ऐकू न येणारी हाक मारतो, हाक पाण्यावर आपटून परत येते, आणि जाऊन यायला किती वेळ लागला यावरून पाणी किती खाली आहे ते कळतं. वेळ मायक्रोसेकंदांत मोजायचा आणि ५८ ने भागायचा, की सेंटिमीटर आले. हे ५८ कुठून आले हे शाळकरी मुलं विचारत नाहीत. पुस्तकात आहेत म्हणून लिहितात. या ५८ ला आपण पुन्हा भेटणार आहोत.

या भोंग्याला वीसेक सेंटिमीटरच्या आतलं काही दिसत नाही. त्याची स्वतःचीच हाक विरायच्या आत प्रतिध्वनी येऊन धडकतो आणि सगळा गोंधळ होतो. म्हणजे टाकी अर्धी असली की तो अचूक, तळ गाठला की अचूक, आणि काठोकाठ भरली की बेभान. सुबत्तेत भान जाणारा हा एकटाच नव्हे, हे मान्य करून त्याला एका नळकांड्यात झाकणापासून थोडं उंच बसवलं.

रेघ सुरू झाली आणि घाबरायलाच झालं. पडद्यावर सह्याद्री! सुळके, दऱ्या, कडे. टाकीत काय वादळ चाललंय म्हणून झाकण उघडलं, तर पाणी निवांत. आठवीतली शेजारची मुलगी आली होती. गोव्यात २०२१ पासून सहावी ते आठवीच्या मुलांना शाळेत कोडिंग आणि रोबोटिक्स शिकवायची योजना आहे, तेव्हा या वयाच्या मुलांपुढे आपण जपूनच बोलावं. तिने पडद्याच्या डाव्या कडेला बोट ठेवलं. “काका, आकडे वाचा ना. वरचा एक्केचाळीस पॉइंट तीन, खालचा एक्केचाळीस पॉइंट शून्य.” अख्खा सह्याद्री तीन मिलिमीटर उंचीचा होता, आणि तेवढी तर या भोंग्याची नेहमीची थरथर.

प्लॉटरची ही खोड अंगचीच आहे. रेघ पडदाभर दिसली पाहिजे असा त्याचा आग्रह, म्हणून जो काही फरक असेल तो ताणून वरपासून खालपर्यंत पसरवतो. काही घडत असेल तर ठीक. काहीच घडत नसेल तेव्हा तो राईचा पर्वत करतो, आणि तोही अगदी प्रामाणिकपणे, कडेला खरे आकडे लिहून. मुलीने दोन ओळी वाढवल्या. पाण्याच्या आकड्याबरोबर दर वेळी एक शून्य पाठवायचं आणि एक शंभर. पडद्यावर तळाशी एक सपाट रेघ आली, माथ्याशी एक, आणि मधली पाण्याची रेघ एकदम शहाणी झाली. या दोन रेघा काहीच मोजत नाहीत. पण त्यांच्यामुळे बाकीच्यांना आपली उंची कळते. कार्यक्रमांत व्यासपीठावर नुसते बसून असणाऱ्या अध्यक्षांकडे मी तेव्हापासून जास्त आदराने पाहतो.

थरथर मग पाच-पाच उत्तरं घेऊन, ती उंचीप्रमाणे लावून, मधलं तेवढं ठेवून कमी केली. सरासरी काढली तर एखादं वेडं उत्तर, चारशे वगैरे, बाकीच्या चौघांना ओढून नेतं. मधल्याला घेतलं की वेडा आपोआप कडेला पडतो.

आता रेघ खरं बोलू लागली, आणि खरी पंचाईत झाली. कारण टाकीची रेघ म्हणजे घराची रोजनिशी आहे. पहाटे पाचला एक छोटी पायरी, ती आईची. मग पुतण्याची पायरी. तिला पायरी म्हणण्यापेक्षा उतरणच म्हणावं, कारण शॉवर चालू असतो तोवर ती संपतच नाही. धुण्याच्या यंत्राच्या तीन ठसठशीत पायऱ्या, मध्ये तेवढीच सपाटी. सकाळी नळाला पाणी आलं की सगळी रेघ वर चढू लागते, आणि वर चढतानाही कोणी बादली भरली की तिथे खाच पडते. कोण किती वेळ न्हाणीघरात होतं, कोण ‘आलोच’ म्हणून आलं नाही, हे सगळं पडद्यावर. रात्री अकरानंतर रेघ आडवी हवी, तर ती इतकी किंचित कलली होती की दोन स्थिर रेघा नसत्या तर कळलंही नसतं. मागच्या दारचा नळ थेंबथेंब गळत होता. तो दुरुस्त झाला. एवढ्याशा फायद्याखातर घरातली सगळी माणसं उघडी पडली, हा भाग वेगळा.

सर्वांत आधी रेघेची गोडी लागली ती आईला. तिची तक्रार एकच. “सेंटिमीटर म्हळ्यार कितें? कितले कळशे तें सांग.” मी समजावलं की आलेखात एकक प्रमाण असावं लागतं. तिने स्वयंपाकघरातला पितळी कळसो आणला आणि तो प्रमाण आहे असं जाहीर केलं. तिच्या सासूच्या वेळेपासून आहे. मग टाकी रिकामी असताना आम्ही शिडीवरून एकेक कळसो ओतत गेलो आणि दर कळशागणिक रेघ किती चढते ते टिपत गेलो. प्रयोगशाळेत यालाच कॅलिब्रेशन म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. निघालं ते असं की आमच्या टाकीत एक सेंटिमीटर म्हणजे साडेनऊ लिटरच्या आसपास, आणि कळसोही जवळजवळ तेवढाच. मेट्रिक पद्धतीने आमच्या स्वयंपाकघरापुढे आपण होऊन मान तुकवली. आता आलेखाची उभी पट्टी कळशांत आहे.

मे महिन्यातल्या दुपारी मात्र एक चमत्कार दिसू लागला. दोन वाजता कोणी पाणी सोडलेलं नाही, नळाला पाणी यायची वेळ नाही, आणि टाकीतलं पाणी हळूहळू वाढतंय. दोन कळशे, तीन कळशे. संध्याकाळी तेच पाणी कोणी न वापरता कमी. आईला यात काही गैर वाटलं नाही. देवाने दिलं, देवाने नेलं. मला ते ५८ आठवले. आवाजाला एक सेंटिमीटर जाऊन यायला ५८ मायक्रोसेकंद लागतात हे खरं, पण साधारण बावीस-तेवीस अंश तापमानाच्या हवेत. हवा तापली की आवाज जोरात धावतो, अंशाला सेकंदामागे सुमारे साठ सेंटिमीटर जास्त. उन्हात काळी टाकी तापून आतली हवा पहाटेच्या पंचवीस अंशांवरून पंचेचाळीसवर गेली, तर हाक साडेतीन टक्के लवकर परत येते. पाणी भोंग्यापासून मीटरभर खाली असेल तर यंत्राला ते साडेतीन सेंटिमीटर जवळ आल्यासारखं वाटतं. म्हणजे तीन-साडेतीन कळशे पाणी निव्वळ उन्हाने भरलेलं. उपाय सोपा आहे, टाकीत एक तापमापक सोडायचा आणि ५८ च्या जागी त्या घडीचा खरा आकडा घ्यायचा. नदीची पातळी मोजताना मात्र असली भानगड नको म्हणून अनेक ठिकाणी पुलाखाली रडार लावतात. ते रेडिओलहरी सोडतं आणि त्यांना उन्हातान्हाचं काही वाटत नाही. टाकीसाठी रडार आणण्याचा विषय मी घरात काढलेला नाही.

खरं सांगायचं तर टाकीला आलेखाची गरज नाही. तिच्यात एक प्लॅस्टिकचा चेंडू आहे, तांब्याच्या काडीला लावलेला. पाणी चढलं की चेंडू चढतो आणि नळ बंद होतो. आपल्या खाडीकाठच्या खाजन जमिनींच्या बांधांना जी मानशीची दारं असतात, ती तर त्याहून जुनी. भरतीचं पाणी बाहेरून रेटतं आणि दार मिटतं, ओहोटीला आतलं पाणी रेटतं आणि दार उघडतं. लाकडाला कोणी काही विचारत नाही, ते कोणाला काही सांगत नाही. मोजणं आणि वागणं त्याच्या लेखी एकच. आमचा भोंगा दिवसभर मोजतो आणि वागायला अजून चेंडूच लागतो.

पण पाहण्याची हौस जुनी आहे, आणि तिला मी नावं ठेवणार नाही. १८४० च्या दशकात जर्मनीत कार्ल लुडविगने एका फिरत्या नळकांड्यावर कागद गुंडाळला, रक्ताच्या दाबाने वरखाली होणाऱ्या पाऱ्यावरच्या तरंगाला बारीक काटा लावला, आणि हृदयाने आपली रेघ आपणच काढली. त्याआधी नाडी बोटांना कळायची. आता ती डोळ्यांना दिसू लागली. वेधशाळांत हवेच्या दाबाचं यंत्रही असंच, आठवड्याला एक कागद, घड्याळाच्या चालीवर फिरणारं नळकांडं, शाईचा काटा. आज ज्या पायथन भाषेत जगभर आलेख काढले जातात, तिच्यातला ‘मॅटप्लॉटलिब’ हा प्रसिद्ध प्रोग्राम २००३ साली जॉन हंटरने जगापुढे आणला तोही याच हौसेपोटी, किंवा गरजेपोटी म्हणा. तो मेंदूचा अभ्यासक होता आणि अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी त्याला नीट पाहायच्या होत्या. २०१२ साली तो गेला. त्याच्या त्या प्रोग्रामवर आज माझी टाकीही चालते, कारण सिरियल प्लॉटरला आठवण नाही. माझ्याकडच्या जुन्या आवृत्तीत त्याच्या पडद्यावर पाचशे बिंदू मावतात. पाचशे एकावा आला की पहिला डावीकडून बाहेर. सेकंदाला एक बिंदू धरला तर साडेआठ मिनिटांचीही स्मृती नाही.

आठवण असलेला आलेख हाताशी आल्यावर हवेच्या दाबाचं एक चिमुकलं यंत्र आणलं. नखाहून लहान, आणि इतकं हळवं की ते हातात धरून माडीवर गेलं तर रेघ खाली उतरते, कारण माडीवर हवेचा थर तेवढाच कमी. पुढचं दार आपटलं की त्याच्या रेघेला उचकी लागते. सुरुवातीला मी त्यालाही दर सेकंदाला विचारत होतो. दारं, पंखे, वाऱ्याचे झोत, यंत्राची स्वतःची थरथर, सगळं आलं. आजाऱ्याच्या उशाशी बसून दर सेकंदाला ‘आता कसं वाटतंय?’ विचारलं तर तो आजाराचं काही सांगणार नाही, आपल्यालाच कंटाळल्याचं सांगेल, तसंच काहीसं. मग प्रश्नांमधलं अंतर वाढवलं. दर दहा मिनिटांनी एक उत्तर, आणि तेही मधल्या सगळ्यांची सरासरी.

त्यानंतर जे दिसलं ते बघायला मी कुणालाही बोलावलं असतं. सकाळी दहाच्या सुमारास रेघ वर, दुपारी चारच्या सुमारास खाली, रात्री दहाला पुन्हा वर, पहाटे चारला पुन्हा खाली. दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. फरक दोन-तीन हेक्टोपास्कलचा, हजाराला दोन-तीन. ही हवेची भरती-ओहोटी. समुद्राची चंद्रावर चालते, ही मुख्यतः सूर्यावर: ऊन वातावरण तापवतं आणि पृथ्वीभोवती ही दोन शिखरांची लाट दिवसातून एकदा फिरते. विषुववृत्ताकडे ती ठळक असते. उत्तरेकडच्या देशांत वादळांच्या चढउतारांत ती हरवून जाते. कारापूरला ती इतकी स्वच्छ येते की घड्याळ बंद पडलं तर साधारण वेळ सांगता येईल. एवढी मोठी गोष्ट दररोज माथ्यावरून दोनदा जाते आणि अंगाला तिचा पत्ता नाही. आणि यंत्राला दर सेकंदाला छेडत होतो तोवर रेघेतही नव्हता. म्हणजे होता, पण दारांच्या आपटण्याखाली गाडलेला.

वादळ आलं की मात्र ही शिस्त मोडते. दाब दोनदा वरखाली व्हायच्या ऐवजी उतरतच जातो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ गोव्याच्या किनाऱ्याजवळून गेलं, तो दिवस अशा रेघेवर बघण्यासारखा होता. पण झाडं पडली, तारा तुटल्या आणि राज्यात कित्येक ठिकाणी दिवसचे दिवस वीज नव्हती. घरगुती यंत्रांचं हे असंच. तीनशे चौसष्ट दिवस काही न घडल्याची सुबक रेघ काढतात आणि तीनशे पासष्टाव्या दिवशी प्लगमध्ये करंट नसतो. शाईच्या काट्याला किल्ली पुरायची.

पावसाळ्यात आमच्याकडे आणखी एक रेघ असते, तिला संगणक लागत नाही. पलीकडे साखळीच्या बाजाराला पुराचा जुना त्रास. नदीकाठी संरक्षक भिंत बांधली आहे, पंप बसवले आहेत. नदी फुगली की बाजारातल्या नाल्याचं पाणी पंपांनी उचलून नदीत टाकायचं. विठ्ठलापूरच्या बाजूने जाता-येता माणसं वाळवंटीकडे एक नजर टाकतात. कोणी थांबत नाही, कोणी काही लिहून घेत नाही. पण ‘सकाळी दगड दिसत होता, आता दिसत नाही’ एवढं वाक्य घरी येतं. त्या वाक्यावर दुकानदार खालच्या फळीवरचा माल वरच्या फळीवर घेतात. नोंद दोनच, सकाळची आणि आत्ताची, आणि निर्णयाला तेवढी पुरते. मी एकदा सुचवून पाहिलं की त्या दगडाच्या जागी एक भोंगा लावला तर दर सेकंदाला पातळी मोबाइलवर दिसेल. ज्याला सुचवलं तो म्हणाला, मग दर सेकंदाला माल वर ठेवू की खाली?

दमट हवेने आता पाटीच्या पितळी टोकांवर हिरवी पुटं चढली आहेत. डब्यात मुंग्यांनी अंडी घातली आणि एक दिवस टाकीत उणे बारा कळशे पाणी दिसलं. डबा साफ केला, टोकं घासली, आणि सगळं पुन्हा सुरळीत झालं ते नेमकं चवथीच्या तोंडावर. चवथीला आमच्या या मूळ घरात सगळे जमतात. मुंबईचे, म्हापशाचे, पेडण्याचे. न्हाणीघरापुढे रांग. यंदा रेघ कशी दिसेल या कल्पनेनेच मला गुदगुल्या होत होत्या. पायऱ्याच पायऱ्या, नळाला पाणी येण्याआधी तळ गाठणारी रेघ, आणि दर पायरीला एकेक नाव. पुतण्याने तर रंगही ठरवले होते. मुंबईकरांना लाल.

गणपतीच्या डोक्यावरची माटोळी बांधता बांधता आईने ते ऐकलं. हातातली सुपारीची शिंपटी खाली ठेवून ती माझ्या खोलीत आली.

“सोयऱ्यांचें न्हाण मेजतात काय रे?”

लॅपटॉप मिटवून कपाटात गेला. चवथ संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही असं ठरलं, आणि ते सर्वांना लागू झालं. गणपती आले, घुमट-शामेळाच्या आरत्या झाल्या, घरात माणसांना पाय ठेवायला जागा उरली नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, पंगत उठायच्या बेतात असताना, आई वाढण्याच्या निमित्ताने माझ्यापाशी वाकली. पातोळ्या पानात ठेवल्या, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली,

“टांकयेंत आतां कितले कळशे उरल्यात रे?”